उलटा पीळ

सोमवार, ३ मार्च

घाटातलं काम संपलं. खाणीच्या मुकादमाने शेवटच्या पावतीवर शिक्का मारला आणि म्हणाला, "उद्यापासून सगळे बोगद्यातून जाणार. तुमच्या म्हातारीला आता कोण विचारतंय?"

म्हातारी म्हणजे आमची गाडी. सव्वीस वर्षांची आहे. मला राग आला. उत्तरं मला घरी आल्यावर सुचतात.

दादाने दुसरं काम आधीच धरून ठेवलंय. सिमेंटच्या कारखान्यातून बंदरावर, सगळा सपाट रस्ता, दिवसाला दोन खेपा. आमची गाडी चढणीची आहे. मागच्या ॲक्सलमध्ये एक्केचाळीस दातांचं मोठं चाक, क्राऊन, आणि त्याला फिरवणारं सहा दातांचं लहान, पिनियन. इंजिनाकडून येणारा शाफ्ट जवळजवळ सात वेळा फिरतो तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. अशी गाडी ओझं घेऊन भिंत चढेल, पण सपाटीला पन्नासच्या वर नेली की ओरडायला लागते. दिवसाला दोन खेपा तिच्याने व्हायच्या नाहीत.

दादा म्हणाला, "दात बदलू. एकोणचाळीसला सात. अख्खा संच मिळालाय. तू आणि मिस्त्री मिळून बसवा."

"कोणाच्या गाडीचा?"

"ओळखीतला आहे."

हे काही उत्तर झालं नाही, पण तेवढ्यात त्याला फोन आला.

घरी आल्यावर हिने चहा टाकला. चहाच्या डब्यावर बशी असते. झाकण तीन वर्षांपूर्वी मी गाडीच्या कामाला नेलं, ते गेलंच. बशी काढताना ती आजही माझ्याकडे बघते.

मंगळवार, ४ मार्च

मिस्त्रींच्या गॅरेजात गाडी लावली. मिस्त्री मला लहानपणापासून डावऱ्या म्हणतात, पाना डाव्या हातात धरतो म्हणून. हातात पाना त्यांनीच दिला. उजव्या हाताने काम करायला शिकवायचा त्यांनी एक वर्षभर प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

सुरुवातीलाच हसं झालं. खोलण्याआधी दात मोजून घ्यावेत म्हणून मी मागचं एक चाक जॅकवर उचललं, टायरवर खडूने खूण केली, चाक पुरं एकदा फिरवलं आणि शाफ्टचे फेरे मोजले. साडेतीनही भरेनात.

"मिस्त्री, आत कोणीतरी आधीच दुसरे दात घातलेत!"

त्यांनी वाकून पाहिलं. "दुसरं चाक कुठाय?"

"जमिनीवर."

"मग एकटं चाक अर्धंच सांगणार. दोन्ही उचल, दोन्ही बरोबर फिरव. वीस वर्षं गाडी चालवतोस डावऱ्या, आणि एका बाजूचं ऐकून निकाल देतोस?"

दोन्ही उचलली. पावणेसात आणि वर थोडं. बरोबर.

तेल काढलं. दोन्ही बाजूंचे दांडे ओढून काढले. जुना संच त्याच्या बिडाच्या घरासकट खाली उतरवायला तिघं लागले. तिसरा म्हणून चहावाला आला. उतरवून झाल्यावर हात पुसत म्हणाला, "आता नवा कुठून येणार?"

"दादाने आणलाय."

"हां. तुमच्याकडे काय, माल आपोआप चालत येतो."

आम्ही हसलो. मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांना चहावाल्याचे विनोद कधीच आवडत नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

संच आला. दादाने टेम्पोतून पाठवला, स्वतः आला नाही. गोणपाटात गुंडाळलेला. वरून गंजाची पावडर, पण आत क्राऊनचे दात स्वच्छ. कोणीतरी तेल लावून ठेवलेला. टाकून दिलेला नव्हता, ठेवलेला होता.

एक गंमत झाली. क्राऊनचे बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतल्या भोकांतून तार ओवतात आणि पीळ देतात. दहांतले दहा मिस्त्री तो पीळ एकाच दिशेने देतात, कारण दहांतले दहा उजव्या हाताने काम करतात. या तारेला उलटा पीळ होता. माझा असतो तसाच.

"मिस्त्री, हे बघा! कोणीतरी माझा भाऊबंद आहे."

मिस्त्रींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग पक्कड घेतली आणि तार कापून टाकली, एक एक तुकडा ओढून काढला आणि तुकडे स्वतःच्या खिशात टाकले. त्यांच्या गॅरेजात कचरा जमिनीवर पडतो. खिशात कधी जात नाही.

"बोल्ट परत आवळू," म्हणाले. "तार नवी घालू. बेअरिंगंही दोन बदलू."

"तार चांगली होती की."

"डावऱ्या, जास्त बघत बसू नकोस. काम कर."

दिवसभर ते कमी बोलले. गुडघे दुखत असावेत. माझ्या मात्र डोक्यात तो डावखुरा राहिला. कुठल्या गावचा असेल? त्यालाही कोणी वर्षभर उजव्या हाताने शिकवायचा प्रयत्न केला असेल का? काम साफ होतं. प्रत्येक पिळाला आठ वेढे, मोजून. मी पण आठच देतो.

शनिवार, ८ मार्च

आज दोन वर्षं झाली.

तेव्हा आमच्या दोन गाड्या होत्या. म्हातारीवर पगारी ड्रायव्हर होता आणि नवी मी चालवत होतो. वजनकाट्याच्या रांगेत अकरावा होतो, रांग हलत नव्हती. दादाचा फोन आला. आजूबाजूच्या इंजिनांमुळे ऐकू येईना. "जरा बाजूला जाऊन बोल," दादा म्हणाला. मी काट्याच्या भिंतीमागे गेलो. तो आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता. डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कुठल्या, तेल कुठलं. दादा एवढं बोलत नाही कधी. सतरा मिनिटं. ही सतरा मला पोलिसांनी फोनमध्ये दाखवली.

परत आलो तर रांग पुढे सरकली होती आणि माझ्या गाडीच्या जागी दुसऱ्याची गाडी होती. किल्ली माझ्या खिशात. साहेब म्हणाले, "मग गाडी काय उडाली?" दुसरी किल्ली घरी होती, ती दादाने लगेच कपाटातून काढून टेबलावर ठेवली. मी साहेबांसमोर रडलो. शिपायाने मला पाणी दिलं.

गाडी मिळाली नाही. विम्याचं दादाने पाहिलं. महिन्याभराने मी माझा अर्धा हिस्सा त्याच्या नावावर करून दिला. त्याने मागितला नव्हता. ज्याला एक गाडी सांभाळता आली नाही त्याला दुसरीत हिस्सा कशाला? आता मी म्हातारीचा ड्रायव्हर आहे आणि ते बरोबरच आहे.

या वह्याही तेव्हापासूनच्या. कुठे होतात, किती वाजता, काय केलंत, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मला सलग सांगता आलं नव्हतं. परत कोणी विचारलं तर सांगता यायला हवं.

आज तारखेची आठवण मी हिला करून दिली. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "कशाला उगाळता? दोघा भावांनी मिळून निभावलंत ना? संपलं मग."

तिने मला कधी बोल लावला नाही. असं कसं झालं, असं दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. एवढा विश्वास कोण ठेवतं?

रविवार, ९ मार्च

दादाकडे जेवायला. वहिनीने माझ्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. "घ्या भाऊजी. तुम्ही म्हणून सगळं नीट राहिलं." वहिनी माझ्याकडे बघून कधी बोलत नाही, पण मन चांगलं आहे.

मी मीटरचा विषय काढला. दात बदलले की शाफ्ट कमी फिरेल आणि मीटर तर शाफ्टवर चालतो. गाडी साठने जाईल, काटा पन्नासच्याही खाली राहील. गिअरबॉक्समधलं एक छोटं चाक बदललं की झालं.

"राहू दे," दादा म्हणाला. "कमी दाखवलं तर कोणाचं काय बिघडतं?"

"मला कळायला नको, किती जोरात चाललोय ते?"

"तुला कशाला कळायला हवं? तू चालव."

सगळे हसले. मीही हसलो.

मंगळवार, ११ मार्च

सावकाश लिहितो, नीट क्रमाने.

सकाळी दहाला क्राऊनच्या दातांना रंग लावला आणि फिरवला. पिनियन कुठे टेकतं ते रंगात उमटतं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. नव्या बेअरिंगांमुळे तो मुळाशी उतरला होता. म्हणजे पिनियन फार आत बसलं. पिनियनच्या घराखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, त्यात एक वाढवायची की पिनियन तेवढं मागे सरकतं.

मिस्त्री सुट्या सामानाच्या दुकानात गेले होते. मी एकट्यानेच पिनियनचं घर सोडवलं. चकत्या चार निघाल्या. तीन काळ्या पडलेल्या. चौथी पुसली तर निळी.

निळ्या रंगावर पांढरी रेघ आणि रेघेला लागून अर्धं पान.

तीन वर्षांपूर्वी नव्या गाडीचं पिनियन मी याच जागी बसवलं होतं. एक चकती कमी पडली. दुकान बंद होतं. सकाळी गाडी निघायची होती. घरी जाऊन मी हिच्या चहाच्या डब्याचं झाकण आणलं, कात्रीने गोल कापलं, भोकं पाडली. असलं काम मिस्त्रींना दिसलं असतं तर त्यांनी मला उभं केलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. पुढे बदलू म्हटलं आणि राहून गेलं.

कपभर पाणी प्यालो. मग क्राऊनचे बोल्ट पाहिले. आठ वेढ्यांच्या उलट्या पिळाचा तो माणूस मीच होतो. मीच मला ओळखलं नाही.

आमच्या चोरीच्या गाडीचा संच दादाने विकत घेतला! त्याला माहीत नाही. कोणीतरी त्याला फसवून त्याचाच माल त्याला विकला. पण आता धागा हातात आला. दादा ज्याच्याकडून आणला त्याचं नाव सांगेल, त्याने कोणाकडून घेतला ते तो सांगेल, असं मागे मागे जात चोरापर्यंत पोचता येईल. दोन वर्षांनी!

मिस्त्री परत आले तेव्हा मी अक्षरशः नाचत होतो. चकती दाखवली. झाकणाची गोष्टही सांगून टाकली, शिव्या खायची तयारी ठेवून. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. स्टुलावर बसले.

"चोर सापडणार आता, मिस्त्री."

"डावऱ्या, आधी घरी जा. चहा पी."

"दादाला सांगायला नको?"

"नको म्हणत नाही. आज नको."

म्हातारे झालेत. त्यांना कशाचाच आनंद होत नाही. दादा आज बाहेरगावी आहे, नाहीतर गेलोच असतो. चकती खिशात आहे. उद्या त्याचा चेहरा बघायचाय.

बुधवार, १२ मार्च

चेहरा बघितला.

दादाचं ऑफिस एका खोलीचं आहे. काचेचं टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर दोन्ही गाड्यांचे फोटो. मी चकती काचेवर ठेवली. कशी सापडली, कुठून कापली, सगळं सांगितलं. झाकणाचं ऐकून तो हसेल असं वाटलं होतं. त्याने चकती बोटाने उलटी केली, परत सुलटी केली.

"मिस्त्रींना दाखवलीस?"

"दाखवली."

"आणखी कोणाला?"

"कोणाला नाही. दादा, कोणाकडून घेतलास तेवढं सांग. मी स्वतः जातो पोलिसांकडे."

"बस."

"बसत नाही. नाव सांग."

"बस रे." तो उठला, दार लावून घेतलं. "असं घरातलं झाकण कापून कोणी गाडीत घालतं का? मला काय माहीत तिथे असलं काही असेल? मला वाटलं, लोखंड ते लोखंड."

तो माझ्यावर चिडला होता. मला आधी तेवढंच कळलं. मी केलेल्या चुकीबद्दल तो चिडलाय असं वाटून मी "चुकलो" म्हणालो.

मग कळलं.

मी विचारलं, "फोन?"

"हो."

"आईचे गुडघे?"

"गुडघे दुखतच होते तिचे. खोटं काही बोललो नाही."

तो खुर्चीवर बसला. मला वाटलं आता रडेल. तो समजावायला लागला. दोन गाड्यांचे हप्ते, काम एकाच गाडीपुरतं, नवी विकली असती तर अर्धीही किंमत आली नसती. किल्लीची नक्कल करून गाडी हलवली, तोडून सुटी विकली, वर विमा आला. हा संच तेवढा खपला नाही, एका शेडमध्ये पडून होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला?" तो खरंच हसला. "तुझं तोंड म्हणजे उघडी खिडकी. तुला सांगितलं असतं तर साहेबांसमोर दोन मिनिटं टिकला नसतास. तू रडलास ना, तिथेच काम झालं. मला वाटत होतं मलाच रडावं लागेल."

"आणि माझा हिस्सा?"

"तो तू आपणहून दिलास. मी मागितला होता?"

नव्हता मागितला.

"आणि खरं सांगू? तुला नंतर कळलंच असेल असं मी धरून चाललो होतो. सगळ्या बाजाराला कळलं. म्हटलं, कळलंय पण बोलत नाही, मोठ्या मनाचा आहे. हिस्सा दिलास तेव्हा तर मला खात्रीच पटली. एवढं भोळं कोण असतं?"

मी चकती उचलली आणि निघालो. मागून म्हणाला, "सोमवारी सातला भरायला लागायचंय. कारखाना थांबणार नाही."

गुरुवार, १३ मार्च

सकाळी हिला सांगितलं. स्वयंपाकघरात ओट्यावर चकती ठेवली आणि सगळं सांगितलं. ती चकतीकडे बघत राहिली. झाकण ओळखलं तिने.

म्हणाली, "मग आज का सांगताय?"

"काल कळलं."

"काय काल कळलं?"

"दादाने गाडी नेली ते."

गॅसवर दूध होतं, ते वर आलं तेव्हा तिने बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही दोघांनी मिळून केलंत. असंच सगळ्यांना वाटतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना. चहावाल्याला, जाऊबाईंना, माझ्या माहेरी. मी तिकडे जायची कमी झाले ते का, वाटलं तुम्हाला?"

मी म्हणालो, मी तर मान खाली घालून फिरत होतो.

"तेच तर," ती म्हणाली. "माणूस उगाच मान खाली घालतो का?"

"मला लाज वाटत होती. गाडी सोडून गेलो म्हणून."

"मला वाटलं, भीती. सापडण्याची."

मी वह्या काढून दाखवाव्यात असं एकदा मनात आलं. मग वाटलं, चोर असतो तरी अशाच लिहिल्या असत्या. साहेबांना दाखवायला. काढल्या नाहीत.

"मी माफ केलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

दुपारी मिस्त्रींकडे गेलो. त्यांना एकच विचारलं. ते म्हणाले, "तार पाहिल्याबरोबर ओळखली. मला वाटलं, तूही ओळखलीस आणि सोंग करतोयस. मग मंगळवारी तू नाचायला लागलास तेव्हा समजलं."

"तुकडे कुठायत?"

त्यांनी खिशातून काढून दिले. मग चकती वाढवून ठसा मधोमध आणला. निळीच्या जागी दुकानातली नवी घातली. हात थांबत नव्हते, काम चांगलं झालं.

शनिवार, १५ मार्च

संच चढवला, दांडे घातले, तेल भरलं. चाकं दोन्ही उचलून फेरे मोजले: साडेपाचच्या किंचित वर. बरोबर.

मोकळ्या रस्त्याला चालवून पाहिली. मीटर पन्नास दाखवत होता आणि झाडं साठच्या वेगाने मागे जात होती. आवाज नाही, थरथर नाही. मागून कण्हत असायची नेहमी, ती गप्प. इतकी सुरेख चालली की मलाच लाज वाटली. नव्या गाडीत हे दात असेच चालत. पायाला आठवलं.

आईचा फोन आला. "भावाभावांत थोडं मागेपुढे असतंच रे," म्हणाली. "दादा सांगतो तसं कर. त्याच्यावर सगळ्यांचं आहे." तिला तेव्हापासून माहीत होतं की कालपासून, हे विचारायचं धाडस झालं नाही. गुडघ्यांचं विचारायचं राहून गेलं.

दादाने वहिनीच्या हाती निरोप पाठवला. हिस्सा परत नावावर करून देतो, कागद तयार करायला सांगितलाय. वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "भाऊजी, हे असं रस्त्यावर आणण्यात कोणाची शोभा?"

मला हिस्सा हवाय का, याचा दिवसभर विचार केला. हवाय. खोटं कशाला लिहू? पण तो घेतला की वाटणी घेतल्यासारखं होईल. बुधवारपर्यंत मला माहीत नव्हतं. ही एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती कोणाला खरी वाटत नाही. सोमवारी माल भरून निघालो तर मलाही वाटायची नाही.

रविवार, १६ मार्च

काही झालं नाही. हिने विचारलं, "उद्या डबा किती वाजता देऊ?" मी म्हणालो, "डबा नको." तिने आणखी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी पण येते."

सोमवार, १७ मार्च

पावणेसातला निघालो. ही केबिनमध्ये शेजारी. या गाडीत ती पहिल्यांदाच बसली. कारखान्याच्या फाट्यावर मी उजवीकडे वळलो नाही. फोन वाजायला लागला. वाजू दिला.

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी उभी केली. हवालदार नवीन होता. तक्रार कोणाविरुद्ध, त्याने विचारलं. मी सांगितलं.

"तुमचे कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

"सख्खे."

त्याने पेन खाली ठेवलं. "घरात मिटवा ना. थोरले आहेत. दोन वर्षांनी आता कशाला?"

मी म्हणालो, लिहून घ्या. चकती आणि तारेचे तुकडे टेबलावर ठेवले. त्याला त्यातलं काही कळलं नाही. पिनियन काय, चकती काय, उलटा पीळ काय, सगळं दोनदा सांगितलं. त्याने तार उचलून उजेडात धरली. "यावरून तुम्ही सांगता?" मी म्हणालो, हो. तुमची सही तुम्ही ओळखाल तसंच आहे.

जुने कागद काढायला तास गेला. त्यात माझा तेव्हाचा जबाब होता. त्याने तो मनातल्या मनात वाचला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन वर्षं गप्प का होता?"

"मला माहीत नव्हतं."

तो थोडं हसला. वाईट नाही हसला, ओळखीचं हसला. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

"बघा हं. गाडी जाईल, तुमचंही नाव त्यात येईल. माहीत नव्हतं असं सगळेच म्हणतात."

"लिहा."

त्याने लिहिलं. वाचून दाखवताना सगळं सावकाश वाचलं, ते एक वाक्य मात्र भरकन उरकलं. मी सही केली.

गाडी तिथेच ठेवून घेतली. किल्ली दिली. दार बंद करताना सवयीने मागच्या चाकाकडे पाहिलं, तेल गळत नव्हतं.

ही फाटकाजवळ थांबली होती. फोन तिच्या हातात होता, आता तिचाही वाजत होता. ती म्हणाली, "काय लिहून घेतलं?"

सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

"शेवटचं परत सांगा."

"मला माहीत नव्हतं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. येणारेजाणारे आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते. फोन वाजून थांबला.

"परत," ती म्हणाली.